वाचकांचे प्रश्न: जेन ऑस्टिनचा उपरोध नेमका सापडतो कुठे?

मागच्या अंकात जुन्या इंग्रजी सामाजिक कादंबऱ्यांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. बरेच आले, आणि बहुतेक सगळे फिरून फिरून जेन ऑस्टिनच्या उपरोधावरच येऊन थांबले, तर यावेळी तेच घेऊया. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: प्राइड अँड प्रेज्युडिस पहिल्यांदाच वाचतेय. सगळे म्हणतात किती तिरकस लिहिलंय, किती उपरोध आहे. मला तर नाच, भेटीगाठी आणि लग्नाची बोलणी एवढंच दिसतंय. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. गोष्टीच्या ओघात वाचलं की असंच होतं, कारण ऑस्टिन कुठेही थांबून सांगत नाही की बघा आता मी उलटं बोलतेय. तिची वाक्यं वरवर अगदी सभ्य असतात. १८१३ साली आलेल्या या कादंबरीचं पहिलंच वाक्य घ्या. भरपूर पैसा बाळगून असलेल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार, हे सगळ्या जगाने मान्य केलेलं सत्य आहे, असं ती म्हणते. सुरुवातीचा थाट बघा, एखादा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सुरू होतोय असं वाटतं, आणि वाक्य संपता संपता हातात काय येतं तर लग्नाच्या मुली असलेल्या आयांची इच्छा. आता इथेच न थांबता दुसरं वाक्य वाचा, कारण पहिलं सगळ्यांना पाठ असतं आणि दुसऱ्याकडे कोणी बघतच नाही. त्या पुरुषाच्या स्वतःच्या मनात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, तरी तो गावात राहायला आला रे आला की आजूबाजूची घरं त्याला आपल्या कुठल्या ना कुठल्या मुलीची हक्काची मालमत्ता समजायला लागतात, असं ते वाक्य आहे. मालमत्ता, आणि ती कोण, तर पुरुष! त्या काळच्या इंग्लंडमध्ये कायदा बरोबर उलटा होता, लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याच्या ताब्यात जायचा, खास करार करून बाजूला ठेवला असेल तरच वाचायचा, आणि हे बदलणारे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. म्हणजे प्रत्यक्षात ज्यांना नवऱ्याची गरज होती त्यांची गरज उचलून तिने श्रीमंत पुरुषाच्या गळ्यात घातली, आणि हे सगळं एकही शब्द चढ्या आवाजात न काढता.

माझं सांगणं एवढंच, की एखादं वाक्य फारच ठामपणे सगळ्यांच्या वतीने बोलायला लागलं की तिथे जरा थांबा आणि विचारा, हे असं मानण्यात फायदा कोणाचा आहे. बहुतेक वेळा उपरोध तिथेच असतो.

प्रश्न: आमच्या वाचनगटात उपरोधावर एक बैठक ठेवलीय. एखादा छोटा उतारा सुचवाल का, जो सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचता येईल?

सेन्स अँड सेन्सिबिलिटीचं दुसरं प्रकरण. डोळे मिटून हेच घ्या. १८११ ची ही कादंबरी, तिची पहिलीच छापून आलेली, आणि पुस्तकावर नाव नव्हतं, लेखिका 'एक स्त्री' एवढंच होतं.

प्रसंग असा. डॅशवुड घराण्यातला बाप मरताना मुलाला, म्हणजे जॉनला, आपल्याजवळ बोलावतो आणि सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींकडे बघ असं विनवून सांगतो. जॉन शब्द देतो. हा जॉन तसा काही वाईट माणूस नाही, असं निवेदन सांगतं आणि त्याच दमात जोडतं की हां, जरासा थंड काळजाचा आणि जरासा स्वार्थी असणं म्हणजे वाईट असणं म्हटलं तर गोष्ट वेगळी. मग जॉन मनाशी ठरवतो की प्रत्येक बहिणीला १,००० पौंड द्यायचे, तिघींचे मिळून ३,०००. वर्षाला ४,००० पौंड जास्तीचे मिळणार या विचाराने त्याचं मन भरून येतं, आपण उदार होऊ शकतो असं त्याला वाटायला लागतं. त्याला उदारपणा सुचतो तोच मुळी मिळकतीच्या आनंदात, हे इथेच लक्षात ठेवा.

आता त्याची बायको फॅनी बोलायला लागते आणि पुढचं प्रकरण म्हणजे जवळजवळ नुसता संवाद आहे. ३,००० पौंड आपल्या एकुलत्या एका लहान मुलाच्या तोंडातून काढून घ्यायचे? बरं, मग ५०० पौंड प्रत्येकी देऊ, जॉन म्हणतो. अहो, सख्ख्या बहिणींसाठीही कुठला भाऊ एवढं करतो? मग असं करू, रक्कम नको, आईला वर्षाला १०० पौंड देऊ. यावर फॅनी म्हणते की दरवर्षी पैसे द्यायचे ठरले की माणसं मरायचं नावच घेत नाहीत, आणि ही बाई तर चांगली धडधाकट आहे, जेमतेम चाळिशीची. स्वतःच्या आईचा दाखलाही देते, वडिलांच्या मृत्युपत्रामुळे तिला तीन म्हाताऱ्या नोकरांना वर्षानुवर्षं पैसे द्यावे लागले, केवढा तो ताप. मग जॉन म्हणतो, बरं, अधूनमधून ५० पौंड देऊ. फॅनी म्हणते, मला विचाराल तर तुमच्या वडिलांच्या मनात पैसे द्यायचं नव्हतंच, त्यांना म्हणायचं होतं की लहानसं घर शोधायला मदत कर, सामान हलवायला मदत कर, आणि हंगामात मासे नाहीतर शिकार पाठवत जा.

३,००० पौंडांपासून माशांपर्यंत! आणि प्रत्येक पायरीवर दोघांनाही आपण समजूतदारपणाच करतोय असं वाटत असतं. फॅनी हिशोब मांडते की त्या चौघींना वर्षाला ५०० पौंड मिळणार, गाडी नाही, घोडे नाहीत, नोकर जवळजवळ नाहीत, कोणाकडे जाणंयेणं नाही, मग खर्च तो कसला, किती मजेत राहतील त्या. उलट त्याच तुम्हाला काहीतरी देऊ शकतील! आणि एवढ्यावर भागत नाही, सासूकडे जाणारी नाश्त्याची चिनी मातीची भांडी या घरातल्यापेक्षा दुपटीने सुंदर आहेत, त्या जिथे राहतील त्या घराला न शोभणारी, हेही तिच्या डोळ्यात सलत असतं.

वाचताना एक जण जॉन व्हा, एक फॅनी, आणि मुद्दाम शांत, प्रेमळ आवाजात वाचा. चिडून वाचलंत तर मजा गेली. त्यांचे आवाज खरंच गोड आहेत, आणि भीती वाटावी अशी गोष्ट तीच आहे. या संवादात लेखिका मध्ये येऊन एकदाही म्हणत नाही की ही माणसं लोभी आहेत. प्रकरणाच्या शेवटी ती फक्त एवढं नोंदवते की शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी करतो तेवढ्या मदतीपलीकडे बापाच्या विधवेसाठी आणि मुलींसाठी काही करणं अगदीच अनावश्यक, नव्हे अशोभनीयच ठरेल, असा निर्णय जॉनने घेतला. शब्द मोडला असं कुठेही म्हटलेलं नाही आणि आपल्याला मात्र तो मोडताना एकेका वाक्यात दिसलेला असतो.

प्रश्न: ऑस्टिनची एमा ही कादंबरी वाचताना मला कळतच नाही की हे मत लेखिकेचं आहे की एमाचं. बऱ्याचदा लेखिका स्वतःच सांगतेय असं वाटतं आणि नंतर ते साफ चुकीचं निघतं. हे मुद्दाम केलंय का?

हो, पूर्णपणे मुद्दाम, आणि माझ्या मते तिच्या सगळ्या लेखनातलं हे सगळ्यात अवघड काम आहे. निवेदन तृतीय पुरुषी चालू असतं, 'एमाला वाटलं', 'एमा म्हणाली' असं, आणि चालता चालता 'वाटलं' हे गळून पडतं आणि एमाच्या डोक्यातला आवाजच निवेदन होऊन बोलायला लागतो. मिस्टर एल्टन आणि आपली मैत्रीण यांचं जुळवायचा एमाचा बेत फसतो त्या रात्री केस कुरळे करून होतात, मोलकरणीला पाठवून दिलं जातं, आणि एमा विचार करत दुःखी व्हायला बसते, आणि पुढचं वाक्य येतं की काय हा भयंकर घोळ झाला! आता हा घोळ भयंकर आहे असं कोण म्हणतंय? एमाच. पण अवतरण नाही, 'ती म्हणाली' नाही. आणि दुःखी व्हायच्या आधी केस नीट करून घेतले हे कोणी सांगितलं? ते लेखिकेने. एकाच ओळीत दोघी आहेत.

या घोळाची सुरुवात कशी झाली ते बघा, कारण लेखिकेने काहीच लपवलेलं नाही. एमाने ठरवलंय की पाद्री मिस्टर एल्टन आपल्या मैत्रिणीच्या, हॅरिएटच्या, प्रेमात आहेत. एल्टन एक कोडं लिहून आणतात, उत्तर आहे प्रणयाराधन, आणि त्यात ज्या मुलीला उद्देशून लिहिलंय तिच्या तल्लख बुद्धीचं कौतुक आहे. आता हॅरिएट गोड आहे, भोळी आहे, पण तल्लख? एमालाही हे खटकतं! ती स्वतःशी म्हणते, हॅरिएटची तल्लख बुद्धी, हं, चांगलंच आहे, असं वर्णन करणारा माणूस प्रेमात पुरता बुडालेलाच असणार. पुरावा तिच्या हातात आहे, तिने तो पाहिलाय, आणि तिने तो वळवून आपल्या समजुतीत बसवलाय. हुशार माणूस कसा चुकतो याचं याहून नेमकं चित्रण मी तरी वाचलेलं नाही. मूर्ख माणसाला असं वळवणं जमलंच नसतं.

आणि आपणही सुटत नाही. गावात पाहुणा आलेला तरुण फ्रँक चर्चिल नुसते केस कापायला लंडनला जाऊन येतो, जायचे सोळा मैल आणि यायचे सोळा, एमाला तो जरा छचोरपणा वाटतो, आपल्यालाही वाटतो, आणि पुस्तक संपत आल्यावर उलगडतं की गडी गुपचूप पियानो घ्यायला गेला होता, ज्या मुलीशी त्याचं चोरून लग्न ठरलंय तिच्यासाठी. म्हणून एमा दुसऱ्यांदा वाचाच. दुसऱ्या वाचनात पानोपानी खुणा दिसतात आणि आपल्याला त्या पहिल्यांदा का दिसल्या नाहीत याचं उत्तर एवढंच, की आपण एमाच्या डोळ्यांनी बघत होतो. पहिल्या वाक्यातही ती खूण आहे. सुंदर, हुशार, श्रीमंत एमाकडे आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी काही एकत्र आल्यात असं 'वाटत होतं'.

प्रश्न: स्पष्ट विचारतो, हे सगळं जरा क्रूर नाही का? मिसेस बेनेट, मिस बेट्स, अशा साध्या बायकांची टर उडवून हुशार लोकांनी हसायचं, यात मोठेपणा कसला?

तुमचा प्रश्न फार आवडला, कारण माझ्या मते हाच प्रश्न ऑस्टिनने स्वतःला विचारला आणि कादंबऱ्यांमध्येच त्याचं उत्तर दिलं.

आधी एमामधली मिस बेट्स. ही बाई सतत बोलते, पानंच्या पानं बोलते, आणि आपण वाचक कंटाळून तिला हसतो. मग बॉक्स हिलवरची सहल येते. फ्रँक खेळ काढतो की प्रत्येकाने एक फार चतुर गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स भोळेपणाने म्हणते, तीन कंटाळवाण्या ना, मग मला काळजी नाही, मी तोंड उघडलं की तेच होतं. आणि एमा म्हणते, पण अडचण अशी आहे की एका वेळी तीनच, जास्त नाही. मिस बेट्सला कळायलाच क्षणभर लागतो. मग ती किंचित लाल होते आणि म्हणते की हो, तिला काय म्हणायचंय ते समजलं, मी गप्प बसायचा प्रयत्न करीन, मी फारच नकोशी होत असले पाहिजे, नाहीतर इतक्या जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती. एमाचे जुने स्नेही मिस्टर नाइटली नंतर तिला सुनावतात त्यातला मुद्दा पैशाचाच आहे, ती श्रीमंत असती तर तुझं बोलणं मी सोडून दिलं असतं, पण ती गरीब आहे, चांगल्या दिवसांतून खाली आलीय आणि म्हातारपणी अजून खाली जाणार आहे. आतापर्यंत आपणही हसत होतो, त्यामुळे ही बोलणी आपल्यालाही बसतात. टोमणा आणि उपरोध यांतला फरक मला त्या डोंगरावर सगळ्यात स्वच्छ दिसतो. एमाच्या टोमण्याने दुबळ्या माणसाला गप्प केलं, आणि लेखिकेच्या उपरोधाने एमाला आणि आपल्याला.

आता प्राइड अँड प्रेज्युडिसमधली मिसेस बेनेट. तिला अक्कल कमी, माहिती कमी आणि स्वभाव लहरी, असं लेखिका सरळ सांगते, आणि तिचा नवरा तिची इतकी गोड थट्टा करतो की आपण बिनधास्त त्याच्या बाजूला जाऊन बसतो. पण आकडे मांडा. मिस्टर बेनेटचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पाच मुली, मुलगा नाही, आणि इस्टेट अशी बांधलेली की ते गेले की सगळी दूरच्या नातेवाईकाकडे, मिस्टर कॉलिन्सकडे. दुसरी मुलगी एलिझाबेथ, म्हणजे कादंबरीची नायिका, तिच्या वाट्याला पुढेमागे येणार १,००० पौंड, तेही आई गेल्यावर, चार टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ४० पौंड. हा हिशोब कॉलिन्स तिला मागणी घालताना तोंडावर ऐकवतो. मग सांगा, मुलींची लग्नं झाली नाहीत तर काय होणार या धास्तीने घायकुतीला आलेली बाई वेडी कशी? तिचं बोलणं वेडगळ आहे, भीती अगदी बरोबर आहे. आणि जो हुशार आहे, वाचणारा आहे, ज्याची वाक्यं आपण एकमेकांना ऐकवतो, त्याने काय केलं? मुलगा होईलच या भरवशावर सगळं उत्पन्न खर्च करत गेला आणि मुलींसाठी वेगळं काही साठवलं नाही. धाकट्या लिडियाला ब्रायटनला पाठवू नका असं एलिझाबेथ गंभीरपणे विनवते तेव्हाही तो ते हसण्यावारी नेतो, आणि तिथूनच लिडिया विकहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. त्यांना शोधायला गेलेला तो लंडनहून हात हलवत परत आल्यावर तो एलिझाबेथला म्हणतो, आयुष्यात एकदा तरी मला कळू दे की चूक माझी किती आहे, घाबरू नकोस, हे वाटणं लवकरच ओसरेल. ते ओसरतंही. मला ही त्या कादंबरीतली सगळ्यात कठोर जागा वाटते, नायक डार्सीने एलिझाबेथला लिहिलेल्या पत्राहूनही.

म्हणजे नुसतं हसून बाजूला बसणाऱ्या माणसालाच तिने सगळ्यात जास्त जबाबदार धरलंय, आणि त्याच्याच तोंडी आपण शेजाऱ्यांना हसायला आणि त्यांनी आपल्याला हसायला जगतो हे वाक्य घातलंय, जे लोक तिचंच मत म्हणून सर्रास सांगत असतात. ते तिचं मत नाही. ते मिस्टर बेनेटचं आहे, आणि त्याची किंमत त्याच्या मुलींनी मोजलीय.

प्रश्न: ऑस्टिन सोडून या प्रकारात अजून कोणाला वाचावं?

तिच्या आधीची फॅनी बर्नी, एव्हलिना, १७७८ ची, पत्रांमधून सांगितलेली. नंतरचा थॅकरे, व्हॅनिटी फेअर १८४७-४८ मध्ये भागाभागाने आली, तिथला निवेदक सारखा पुढे येऊन आपल्याशी बोलतो, त्यामुळे उपरोध मोठ्या आवाजाचा आहे, काहींना तोच जास्त आवडतो. माझं मन मात्र एलिझाबेथ गॅस्केलच्या क्रॅनफर्डवर जास्त आहे. तिथल्या गरीब झालेल्या प्रतिष्ठित बायका काटकसर करतात आणि त्याला सुसंस्कृतपणा म्हणतात, सगळ्यांना सगळ्यांची परिस्थिती माहीत असते आणि कोणीच ती बोलून दाखवत नाही. हसू येतं आणि त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न: सिनेमा किंवा मालिका बघितली तर चालेल का, की उपरोध त्यात येतच नाही?

बघा की, पण पुस्तक आधी. सिनेमात निवेदक नसतो ही खरी अडचण. प्राइड अँड प्रेज्युडिसवरच्या १९९५ च्या बीबीसी मालिकेत ते प्रसिद्ध पहिलं वाक्य एलिझाबेथच्या तोंडी दिलंय, तिथे ती एका मुलीने केलेली चेष्टा होते, अख्ख्या गावाचा आवाज त्यातून जातो. याच बाबतीत १९९५ चा क्लूलेस मला जास्त जमलेला वाटतो, एमाची गोष्ट अमेरिकेतल्या शाळकरी मुलीवर बेतलेली, कारण ती स्वतः गोष्ट सांगत असते आणि पडद्यावर भलतंच दिसत असतं.

प्रश्न: एमा ही कादंबरी ऑस्टिनने राजपुत्राला अर्पण केली असं वाचलं. श्रीमंतांवर एवढं तिरकस लिहिणारी बाई आणि असं समर्पण, हाही उपरोधच समजायचा का?

समर्पणात 'हिज रॉयल हायनेस' तीनदा आलंय हे खरं, पण त्यात उपरोध शोधायची गरज नाही, तेव्हा राजघराण्याला पुस्तक अर्पण करायची भाषाच तशी असायची. हा प्रिन्स रीजंट, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, तिला मुळीच आवडत नव्हता. त्याने बायकोला ज्या प्रकारे वागवलं त्याबद्दल १८१३ मधल्या एका पत्रात तिने सरळ लिहिलंय की मी त्या बाईची बाजू घेईन, ती स्त्री आहे म्हणून आणि मला तिच्या नवऱ्याचा तिटकारा आहे म्हणून. पण १८१५ साली त्याचा ग्रंथपाल जेम्स स्टॅनियर क्लार्कने कळवलं की पुढचं पुस्तक त्यांना अर्पण करायला तुम्हाला मोकळीक आहे, आणि अशा परवानगीला नाही म्हणता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. हेच क्लार्क साहेब १८१६ मध्ये तिला सुचवतात की आता राजघराण्याशी नातं जुळलेल्या सॅक्स-कोबर्ग घराण्यावर एक ऐतिहासिक रोमान्स लिहा. तिने दिलेलं उत्तर तिच्या सगळ्या कामाची किल्ली आहे असं मला वाटतं. जीव वाचवायचा असेल तरच मी गंभीर रोमान्स लिहायला बसेन, ती म्हणते, आणि स्वतःला किंवा इतरांना कधीच हसायचं नाही अशी अट असेल तर पहिलं प्रकरण संपायच्या आत मला फासावर चढवावं लागेल. मला माझ्याच पद्धतीने, माझ्याच वाटेने जायला हवं. हे लिहिलं तेव्हा तिच्या हातात पर्स्युएजनचं काम होतं, आणि त्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर एक सरदार बसलाय जो करमणुकीसाठी एकच पुस्तक उघडतो, बॅरोनेटांच्या, म्हणजे वंशपरंपरेने 'सर' पदवी असलेल्यांच्या, घराण्यांची यादी, आणि त्यातही स्वतःच्या घराण्याचं पान.